अलादीन स्वस्त का आणि फ्लिंटस्टोन्स महाग का

सेगा मेगाड्राइव्ह या सोळा बिटवाल्या जुन्या गेम मशीनचं ‘अलादीन’ आजही हजार-दीड हजारात मिळून जातं. म्हणजे नुसतं कार्ट्रिज हां, मशीनमध्ये खोचायचा तो ठोकळा, डबा-पुस्तिका सोडून, आणि कुरिअर-कस्टमचं रडगाणं वेगळं. आणि दुसरीकडे निन्टेन्डोच्या जुन्या आठ बिटवाल्या मशीनचं ‘फ्लिंटस्टोन्स : सरप्राइज अ‍ॅट डायनोसॉर पीक’ नावाचं एक कार्ट्रिज आहे, राखाडी प्लास्टिकचा तसाच एक ठोकळा, ते हजार डॉलरच्या वर जातं. (माझा शौक सिनेमावरच्या गेम्सचा, हे सिनेमावरचं नाही, मालिकेवरचं आहे, पण कार्टून ते कार्टून.) घरी कोणी आलं आणि माझ्या जुन्या गेम्सच्या कपाटाकडे बघून ‘यातलं सगळ्यात महाग कुठलं रे’ असं विचारलं की मी हीच जोडी सांगतो, आणि मग हमखास पुढचा प्रश्न येतो, म्हणजे तो फ्लिंटस्टोन्सवाला गेम काय जबरदस्त असणार ना? तर नाही हो. बरा आहे. एका रविवारी खेळावा आणि ठेवून द्यावा इतपत बरा.

महाग का, तर तो १९९४ साली आला. सुपर निन्टेन्डो, म्हणजे त्याच कंपनीचं पुढचं सोळा बिटवालं मशीन, अमेरिकेत १९९१ लाच आलं होतं, पोरं केव्हाच सोळा बिटवर गेलेली, जुन्या मशीनसाठी गेम काढणं म्हणजे कंपनीच्या दृष्टीने उरलासुरला हिशोब मिटवणं, त्यामुळे प्रती निघाल्या थोड्या आणि विकल्या गेल्या त्याहून थोड्या. अलादीन मात्र १९९३ साली मेगाड्राइव्ह ऐन भरात असताना आला आणि चाळीस लाखांच्या आसपास खपला असं सांगतात. चाळीस लाख घरांत एक वस्तू गेली की ती तीस वर्षांनी दुर्मीळ होत नाही, साधा हिशोब आहे. एकाच नावाच्या गेम्सची आठ बिटवाली शेवटची प्रत आणि सोळा बिटवाली प्रत यांच्या किमती शेजारी ठेवून बघा, फरक बघून हसू येईल. युरोपात अलादीन, ब्यूटी अँड द बीस्ट आणि लायन किंग हे तिन्ही आठ बिटवर आले, १९९४-९५ मध्ये, अमेरिकेत आलेच नाहीत, आणि आता अमेरिकेतले लोक त्यांच्यामागे धावतात. गेम म्हणून तिन्ही दमलेले, ओढूनताणून बसवलेले. पण कमी आहेत ना, मग झालं.

म्हणून माझं म्हणणं असं की बाजारभाव हा गेमबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त एवढं सांगतो की त्या वेळी दुकानात किती लोकांनी तो घेतला नाही. सिनेमावरच्या गेम्सच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण ते सिनेमाच्या मागे मागे यायचे, सिनेमा चालू असेपर्यंत खपायचे आणि नंतर अर्ध्या किमतीच्या टोपलीत.

आणखी एक गंमत डब्यांची. मेगाड्राइव्हचे बहुतेक गेम प्लास्टिकच्या मजबूत डब्यात यायचे, ते टिकले. सुपर निन्टेन्डोचे पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं किती दिवस राहतं ते आपल्याला माहितीये. त्यामुळे तोच सिनेमा, तेच साल, पण पुठ्ठ्याचं खोकं शाबूत असेल तर किंमत दुप्पट-तिप्पट. म्हणजे पैसे आपण गेमचे देत नाही, खोक्याचे देतो. मी स्वतः खोक्याच्या भानगडीत पडत नाही, पण पुस्तिका मात्र हवी, कारण पुस्तिकेत चित्रं असतात आणि कधीकधी मूळ मालकाने पेन्सिलने लिहिलेले पासवर्ड. असल्या बहुतेक गेम्समध्ये सेव्ह करायची सोय नव्हती, एक तर पासवर्ड नाहीतर पहिल्यापासून सुरू करा.

सीलबंदवाल्यांबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतोच. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक न उघडलेली प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. अवस्थेसाठी दहापैकी ९.८ ग्रेड, प्लास्टिकच्या पारदर्शक पेटीत कायमची बंद केलेली. दुर्मीळ गेम आहे का तो? अजिबात नाही, लाखोंनी विकला गेलाय. फक्त ही एक प्रत कोणी उघडली नाही. त्यानंतर जो तो माळ्यावरच्या खोक्यांकडे लॉटरीच्या तिकिटासारखं बघायला लागला. मला त्याचा राग येतो असं नाही, ज्याचे पैसे त्याचा शौक, पण चकाकत्या पेटीतला गेम हा माझ्या लेखी गेम राहत नाही, तो शेअर सर्टिफिकेट होतो.

आता खरा विषय. आपल्याकडे यातलं काय होतं? मेगाड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आला होता, १९९५ मध्ये, शॉ वॉलेसमार्फत. हो तीच, दारूवाली शॉ वॉलेस. आयात कर ८० टक्के होता, तो टाळायला सेगाने त्यांच्याशी करार केला, तरी किंमत १८,००० रुपये. १९९५ चे अठरा हजार. आमच्या कॉलनीत त्या पैशात लोकांनी फ्रीज आणि कलर टीव्ही दोन्ही हप्त्यांवर घेतलेले होते. त्यामुळे आमच्यापर्यंत जे पोचलं ते म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी मशीनची तैवान-चीनमार्गे आलेली नक्कल, ज्याला आम्ही नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, आणि कार्ट्रिजला कॅसेट. पिवळी नाहीतर काळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९९९ इन १ आणि आत तेच ते वीसेक गेम, रंग बदलून, लेव्हल पुढेमागे करून पुन्हा पुन्हा टाकलेले. टीव्हीला चॅनेल ट्यून करत बसायचं, मुंग्या जाऊन चित्र आलं की घरातल्या मोठ्यांनी बातम्या लावायच्या.

त्याच कॅसेटींमध्ये माझ्या वाट्याला एक अलादीन आला. तेव्हा मला वाटायचं की हाच तो खरा अलादीन. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की हे तैवानच्या एका गटाचं काम, ज्यांना आज लोक हमर टीम म्हणून ओळखतात. कोणाचीही परवानगी न घेता यांनी काय केलं, तर कॅपकॉम या जपानी कंपनीचा सुपर निन्टेन्डोवरचा सोळा बिटवाला अलादीन बघून तो आठ बिटच्या मशीनमध्ये कोंबला. रंग कमी, आवाज कर्कश, पण उड्या, फांद्यांना लटकणं, चालण्याची लय बऱ्यापैकी जमवलेली. आणि मी दोन्ही खेळलोय म्हणून सांगतो, व्हर्जिन या गेम कंपनीने त्याच आठ बिट मशीनसाठी युरोपात काढलेला अधिकृत अलादीन यापुढे फिका वाटतो. चोरांनी मालकापेक्षा चांगलं काम केलं. कायद्याने ती चोरीच, त्यात वाद नाही, पण ते बनवणाऱ्या माणसाला मूळ गेम मनापासून आवडला होता हे खेळताना जाणवतं. अधिकृतवाल्याला तारीख गाठायची होती.

खरे अलादीन दोन, हे आता बहुतेकांना माहीत असतं पण तरी सांगतो कारण मला सांगायला आवडतं. एकाच वर्षी, १९९३ मध्ये, एकाच सिनेमावर दोन वेगळ्या कंपन्यांनी दोन पूर्ण वेगळे गेम केले. सेगासाठी व्हर्जिनने, डेव्हिड पेरीच्या टीमने, आणि यात डिस्नेच्या अ‍ॅनिमेटर्सनी स्वतः कागदावर चित्रं काढली, ती स्कॅन करून, रंग भरून गेममध्ये घातली. अलादीन पळताना त्याचा पायजमा ज्या पद्धतीने हलतो ना, ते प्रोग्रामरचं काम नाही, ते चित्रकाराचं काम आहे. सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेटच्या सुमारास गेम बाजारात आणायचा म्हणून सगळी धावपळ काही महिन्यांत केलेली. दुसरा कॅपकॉमचा, त्याचे डिझायनर शिंजी मिकामी, हेच पुढे १९९६ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल’ करणारे. झोंबीवाल्या गेमचा माणूस त्याआधी अबू माकडाला घेऊन अग्राबाच्या छपरांवरून उड्या मारत होता. सेगाच्या अलादीनकडे तलवार आहे, मिकामींच्या अलादीनकडे नाही, तो शत्रूंच्या डोक्यावर उडी मारतो आणि सफरचंदं फेकतो. यावरून तिकडे तीस वर्षं भांडणं चालू आहेत, आणि मिकामींनी स्वतः एका मुलाखतीत साधारण असं सांगून टाकलंय की माझा मी केला नसता तर मी सेगाचाच घेतला असता. मी मात्र मिकामींच्या बाजूने. चित्रं सेगाची, हात मात्र कॅपकॉमचा, बटण दाबल्यावर जे व्हायला हवं तेच होतं.

लायन किंगचा विषय निघाला की माझ्या पिढीतल्या कुठल्याही माणसाचा चेहरा बघा. १९९४, बनवणारे वेस्टवुड स्टुडिओज. दुसरीच लेव्हल, गुलाबी माकडं छोट्या सिंबाला एकमेकांकडे फेकतात, मध्येच शहामृगावर बसून पळायचं, आणि माकडांवर डरकाळी फोडली की त्यांची तोंडं फिरतात हे कोणी सांगितलंच नाही. लहान मुलांच्या सिनेमावरचा गेम इतका खडूस का, याचं उत्तर वेस्टवुडचे लुई कॅसल यांनी नंतर दिलंय. अमेरिकेत तेव्हा गेम भाड्याने मिळायचे, आणि पोरांनी दोन दिवसांसाठी आणून गेम संपवला तर विकत कोण घेणार, म्हणून डिस्नेकडूनच अवघड करा असं सांगणं आलं. म्हणजे आपण जे रडलो ते व्हिडिओ लायब्ररीच्या धंद्यामुळे. आमच्याकडच्या गेम पार्लरवाल्या काकांना मात्र हे वरदानच ठरलं, तासावर पैसे घ्यायचे ते, आणि त्या माकडांपाशी एकेकाचा तास जायचा.

लायन किंगच्या नावावर आणखी एक किस्सा आहे, तो गेमचा नाही, त्याच सिनेमावरच्या अ‍ॅनिमेटेड स्टोरीबुकचा, म्हणजे सीडीवर यायची ती क्लिक करायची गोष्ट. १९९४ च्या ख्रिसमसला अमेरिकेत लाखो घरांत ती गेली आणि सकाळी सकाळी पोरांनी लावली तर कितीतरी नव्या कॉम्पॅक प्रिसारिओ मशिन्सवर धडाधड बंद पडली, कारण मायक्रोसॉफ्टचं विनजी नावाचं जे चित्र-यंत्र त्यात वापरलं होतं त्याचं त्या मशीनच्या डिस्प्ले ड्रायव्हरशी जुळलं नाही. रडणारी पोरं, वैतागलेले आईबाप, फोनवर फोन. त्या फजितीतून मायक्रोसॉफ्टला कळलं की विंडोजवर गेम चालवायचे तर काहीतरी भक्कम करावं लागेल, आणि १९९५ मध्ये जे डायरेक्टएक्स आलं त्यामागच्या कारणांत हा ख्रिसमस नेहमी सांगितला जातो. ती सीडी आज कोणी फुकटसुद्धा घेत नाही. माझ्याकडे आहे, आणि माझ्या कपाटातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूंत मी तिला धरतो. असल्या वस्तूंचा भाव कोण ठरवणार सांगा.

टॉय स्टोरीचं (१९९५, ट्रॅव्हलर्स टेल्स) थोडक्यात. मेगाड्राइव्हकडून जे होणं शक्य नाही असं वाटायचं ते यांनी करून दाखवलं, आधीच कॉम्प्युटरवर बनवलेली त्रिमितीय खेळणी, मध्येच गाडीची शर्यत, आणि त्या खेळणी उचलायच्या मशीनच्या पोटात शिरल्यावर एकदम डोळ्यांतून दिसणारी चक्रव्यूहाची लेव्हल. ट्रॅव्हलर्स टेल्सचेच जॉन बर्टन यांनी आता व्हिडिओ करून यातल्या युक्त्या एकेक उलगडून सांगितल्यात, जरूर बघा. हाही स्वस्त. हर्क्युलिस आणि टारझन, दोन्ही युरोकॉमचे, तर आपल्याकडे प्रत्येक कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर असायचेच, सर बाहेर गेले की टायपिंग ट्यूटर खाली आणि टारझन वर.

आता हे सगळं परत मिळतं की, मग जुनं कशाला गोळा करायचं, असं बायको विचारते आणि प्रश्न रास्त आहे. २०१९ मध्ये अलादीन आणि लायन किंग नव्या मशीन्सवर एकत्र आले, डिजिटल इक्लिप्सने फार प्रेमाने केलेलं काम, त्याआधी २०१७ मध्ये सेगाच्या अलादीनचा मूळ सोर्स कोड व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या लोकांनी अभ्यासून त्यातले वापरलेच न गेलेले तुकडेही दाखवले होते. पण त्या २०१९ च्या संचात कॅपकॉमचा अलादीन नव्हता. सिनेमा डिस्नेचा, गेम कॅपकॉमचा, दोघांच्या सह्या होईपर्यंत २०२१ उजाडलं, तेव्हा तो आणि जंगल बुक आत आले. डिस्नेच्याच कार्टूनवरचा ‘डकटेल्स रिमास्टर्ड’ तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन दुकानांतून अचानक उचलला गेला आणि पुढच्या मार्चमध्ये तसाच अचानक परत आला. सिनेमा-कार्टूनवरच्या गेम्सचं हे कायमचं दुखणं, प्रत्येकाला दोन बाप. लायसन्स संपलं की गेम दुकानातून गायब, मग तो कितीही चांगला असो. माझ्या कपाटातलं कार्ट्रिज कोणाच्या करारावर चालत नाही. बायकोला हे उत्तर पटलंय असं नाही, पण तिने कपाट वाढवू दिलंय.

आणि ज्या प्रती कुठल्याही करारात कधीच नव्हत्या त्यांचं काय? हमर टीमचा अलादीन कोणी पुन्हा अधिकृतपणे काढणार नाही, शक्यच नाही. त्या ९९९९९९ इन १ कॅसेटी, मार्करने ‘डिस्ने गेम्स’ लिहिलेल्या राइट केलेल्या सीड्या, यांना तिकडच्या किमतींच्या यादीत जागा नाही, ग्रेड देणारं कोणी नाही, पेटीत बंद करणारं कोणी नाही. पण महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात एखाद्या पोराने अलादीन खेळला म्हणजे काय खेळला, तर बहुतेक हेच खेळला. म्हणून गेली काही वर्षं मी अमेरिकन कार्ट्रिजं घेणं जवळजवळ बंद केलंय आणि याच्यामागे आहे. लॅमिंग्टन रोडला आता काही उरलेलं नाही, सगळं मोबाइलचं सामान. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी मात्र अजून नशीब लागतं, चार्जरच्या वायरींच्या ढिगाखाली.

“दादा, ही कॅसेट केवढ्याला?”

“सगळा डबा घ्या साहेब, तीनशेला. एकेक नाय देत.”

“चालतात का पण?”

“आता इथं टीव्ही कुठून आणू? घरी जाऊन बघा, नाय चालल्या तर पोराला खेळायला द्या.”

असा व्यवहार. आणि यात खोटं-खरं करायचा प्रश्नच येत नाही, सगळंच खोटं आहे, उघडल्यावर आत हिरव्या बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक थेंब, त्याखाली चिप. खऱ्या कार्ट्रिजच्या बाबतीत हाच थेंब दिसला की बहुतेक वेळा समजायचं फसवणूक झाली, इथे तोच दिसला की मी खूश. (खरं महागडं कार्ट्रिज घेत असाल तर ३.८ मिमीचा तो खास स्क्रूड्रायव्हर घ्या आणि आतला बोर्ड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लेबल छापणं आता कोणालाही जमतं.)

सीड्यांचं मात्र घाईचं काम आहे. कारखान्यात छापलेली सीडी बऱ्यापैकी टिकते, पण घरी किंवा दुकानात राइट केलेल्या सीडीत एक रंगाचा थर असतो, तो उन्हाने, दमटपणाने उडतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. माझ्याकडच्या कितीतरी अर्ध्याच वाचल्या जातात. त्यामुळे सीडी हातात आली की आधी तिची कॉपी, मग चहा.

तर माळ्यावर कुठे असलं खोकं असेल तर टाकून देऊ नका, भंगारवाल्यालाही देऊ नका, तो किलोवर घेतो. कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका, आपण सगळ्यांनीच मारलेली आहे पण तोंडातल्या ओलाव्याने त्या सोनेरी पट्ट्या खराब होतात. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानातल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या. लेबलला पाणी लावू नका, थिनर तर अजिबात नको, दुकानाचा शिक्का असेल तर तसाच ठेवा कारण तो माल कुठल्या गावात विकला गेला हे सांगणारी तेवढी एकच खूण असते. आणि मला फोटो पाठवणार असाल तर वरच्या चित्राचा पाठवालच, पण स्क्रू काढून आतल्या बोर्डाचाही काढा, दोन्ही बाजूंनी, त्यावर छापलेला नंबर वाचता येईल असा.